गाडी ढकलत आणणाऱ्या भाऊंस

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला आले की तुम्ही लगेच पावसाचा नाहीतर धानाच्या भावाचा विषय काढता. म्हणून समोर बसून जे बोलता आले नाही, ते येथे सर्वांसमक्ष लिहीत आहे. धान कापून झाल्यावर तुमच्या बांधीतले सारसाचे पिल्लू उडाले आणि त्याची नोंद तुमच्या वहीत माझ्या मुलाने स्वतःच्या हाताने केली. शाळेच्या वहीत एक ओळ लिहायची म्हटली तरी पेन्सिल फेकून देणाऱ्या मुलाने तारीख, वेळ आणि पिल्लू कोणत्या दिशेला गेले हे सगळे लिहिले. तेव्हापासून हे पत्र मनात घोळत होते.

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, हे आता गावात सर्वांना ठाऊक आहे. मिक्सर, लग्नातला डीजे, कुकरची शिट्टी यांपैकी काहीही सुरू झाले की तो कान दाबून खाली बसतो. मात्र तलावापलीकडे सारसाची जोडी ओरडू लागली, तर आपल्याला ऐकू येण्याआधी तो दाराकडे धावतो. नर व मादी मिळून ओरडतात, मादी सहसा दोन अंडी घालते, दोघेही आळीपाळीने ती उबवतात आणि साधारण महिनाभराने पिल्लू बाहेर येते, हे सारे त्याने मला अनेकदा, त्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने सांगितले आहे.

शहरातील एका उपचार केंद्रात या आवडीला विकृती ठरवण्यात आले. पक्ष्यांची चित्रे त्याच्यापासून काढून घ्या आणि सांगितलेले ऐकले तरच परत द्या, असा सल्ला तेथील बाईंनी दिला. तो पाळायला माझे मन धजले नाही. पुढे त्याच्या शाळेची सहल नवेगावबांधला निघाली, तेव्हा ‘याला सांभाळणार कोण?’ असे म्हणून त्याला घरी ठेवण्यात आले. त्या तलावावर हिवाळ्यात कोणते पक्षी उतरतात हे त्या अख्ख्या वर्गात ज्या एका मुलाला माहीत होते, तोच ओसरीवर बसून राहिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे आणि त्यात स्वमग्नताही आहे. पण कायदा सहलीच्या गाडीपर्यंत पोहोचायला बहुधा अजून काही वर्षे लागतील.

या सगळ्यानंतर तुम्ही भेटलात. त्या संध्याकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर बसलो होतो आणि तुम्ही मोटारसायकलवरून येत होता. मुलाने कान दाबलेले तुम्ही लांबूनच पाहिले असावे, कारण मोहाच्या झाडाजवळच तुम्ही गाडी बंद केली आणि तेथून ती ढकलत आणलीत. खताचे पोते लादलेली ती गाडी चढावर ढकलताना तुम्हाला लागलेली धाप मला ऐकू येत होती. जवळ आल्यावर तुम्ही मुलाचे नाव विचारले नाही, ‘माझ्याकडे बघ’ असेही म्हटले नाही. दोन हात अंतर सोडून तुम्ही त्याच्या शेजारी, तलावाकडे तोंड करून बसलात. बऱ्याच वेळाने त्याने तुमच्याकडे न बघताच सारसाच्या पायांचा रंग सांगितला आणि तुम्ही मान डोलावली.

त्या दिवसापासून आजपर्यंत तुमची गाडी त्या मोहाच्या झाडाजवळ बंद होते. एकदा मी संकोचून म्हटले की एवढा त्रास घेऊ नका. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘पाखरासाठी बंद करतो, मंग पोरासाठी कामून नाही करू?’ शहरातील एखाद्याने हे ऐकून नाक मुरडले असते. मला मात्र कोणत्याही अहवालापेक्षा त्या वाक्याने अधिक धीर दिला, कारण आवाजाने त्याला खरोखर वेदना होते हे मी सांगण्याआधीच तुम्ही मान्य केले होते.

आपल्या मुलाला पक्ष्यांचा एवढा ओढा का असावा, याविषयी मी पुष्कळ वाचले. डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असा विचार मांडला की स्वमग्न व्यक्तीचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोलवर एकवटते. तासन्‌तास एका घरट्याकडे पाहत राहणाऱ्या मुलाच्या आईला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय पक्ष्याशी बोलताना चेहऱ्यावरचे भाव ओळखावे लागत नाहीत, आणि रोवणीच्या दिवसांत सारस ठरल्याप्रमाणे पाणथळ बांधीकडे येतात. उत्तर आयर्लंडमधील डारा मॅकअनल्टी हा स्वमग्न मुलगा सोळाव्या वर्षी निसर्गलेखक म्हणून नावाजला गेला, तर ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर वन्यजीवांचे कार्यक्रम सादर करणारे ख्रिस पॅकहॅम यांना आपण स्वमग्न असल्याचे निदान चाळिशीनंतर मिळाले. या दोघांच्या घरच्यांनी पक्ष्यांची चित्रे लपवून ठेवली असती तर काय झाले असते, असे त्या बाईंना विचारावेसे वाटते. अर्थात प्रत्येक स्वमग्न मुलाला रान आवडतेच असे नाही; माझ्या ओळखीच्या एका मुलीला ओल्या गवताचा स्पर्शही सहन होत नाही, तिला कोणी पाळीवर ओढून नेऊ नये.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात उरला आहे; शेजारच्या भंडाऱ्यात तो अगदी मोजका दिसतो. तो उरला आहे तो तुमच्यासारख्या शेतकऱ्यांमुळे, जे घरट्याभोवतीचे धान नुकसान सोसून तसेच सोडतात आणि त्याची कुठे वाच्यता करत नाहीत. असा भला माणूस नुसता भेटला तरी आई-बापाचे निम्मे ओझे उतरते, आणि अशी माणसे आपल्या भागात अजून आहेत हे मोठ्याने सांगायला हवे, कारण नाव ठेवणाऱ्यांचा आवाज आधीच पुष्कळ मोठा आहे.

जूनमधील सारस गणनेसाठी मुलाचे नाव तुमच्या गटात घालावे, ही विनंती आहे. टोपी आम्ही घरूनच आणू, कारण नव्या टोपीच्या आतली शिवण त्याला टोचते. पहाटे निघायची वेळ मात्र आठवडाभर आधी कळवा आणि ती शक्यतो बदलू नका. वेळ बदलली तर तो रात्रभर झोपणार नाही.

तुमची बहीण