गतिरोधक मागण्याआधी मोजणी करू या: माणसं हवीत, जुने मोबाइल हवेत

नमस्कार मंडळी,

चौकात अपघातात कुणी गेलं की आपण गतिरोधकासाठी निवेदन देतो. तो होतोही. मग रात्री त्याच गतिरोधकावरून दुचाकी उडते, कारण त्यावर पट्टे नसतात. नेमकं चुकतंय कुठे, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो तो ५०० मीटरचा पट्टा, जिथे तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० माणसं दगावली. म्हणजे यादीत नाव लागायला आधी माणसं जावी लागतात! आम्हाला त्याच्या आधीचं मोजायचं आहे: थोडक्यात टळलेले अपघात. करकचून लागलेला ब्रेक, ऐनवेळी वळवलेलं हँडल, रस्त्याच्या मधोमध अडकलेली म्हातारी. अशा प्रसंगांवरून चौकाचा धोका ओळखायची एक पद्धत स्वीडनच्या लुंड विद्यापीठात तयार झाली. ती इथे जशीच्या तशी चालणार नाही. आपल्याकडे ई-रिक्षा, ट्रॅव्हल्स आणि राँग साइडवाला एकाच फटीतून निघतात. मे महिन्यात तर दुचाकीवाले स्टॉप लाइन सोडून झाडाच्या सावलीत थांबतात. जगातले ९२ टक्के रस्ते-अपघाती मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. तेव्हा अभ्यासही इथल्याच रस्त्यावर व्हायला हवा.

सुरुवात मानेवाडा आणि दिघोरीपासून. सगळ्यात जास्त गरज आहे ती चौकाकडे तोंड असलेल्या गच्चीची किंवा बाल्कनीची. तिथे मोबाइल लावून वरून चित्रीकरण करायचं आहे. चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसूनच ते पुढे वापरू, चालान कुणाचंच होणार नाही. कॅमेरा चालू असलेले जुने मोबाइल, स्टँड, पॉवर बँक द्या. सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास नोंदी करायला माणसं हवीत. अभियांत्रिकीची मुलं आली तर उत्तमच, पण निवृत्त काका-काकूंची नजर अधिक पक्की असते. पानठेलेवाल्यांनो, तुम्ही रोज जे बघता ते आम्हाला सांगा, लिहून आम्ही घेऊ.

वर्गणी ऐच्छिक. ती छपाई, मेमरी कार्ड आणि मुलांच्या चहा-नाश्त्यावर खर्च होईल. पावतीशिवाय पैसे देऊ नका. हिशेब आणि मोजणीचे आकडे वस्तीच्या फलकावर लावू. तेच आकडे जोडून महापालिका आणि वाहतूक पोलिसांकडे निवेदन देऊ.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मानेवाडा चौकात या. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या.

आपली,
नागरिक समिती, मानेवाडा परिसर, नागपूर