पंचावन्न हजारांतले अकरा

तोर्शावन, फेरो बेटे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "पंचावन्न हजार माणसं म्हणजे आपल्या कोल्हापूरचा दहावा हिस्सा. त्यात फुटबॉल कसला खेळणार?" आवाज तुटत होता म्हणून उत्तर राहिलं. आई, फुटबॉल म्हटलं की तू आत निघून जातेस, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत बाबांना पत्र वाचून दाखवायचं तुझ्याच वाट्याला आलंय. थोडं सहन कर.

फेरो म्हणजे अठरा बेटं. राज्य डेन्मार्कचं, पण संसद, झेंडा आणि फुटबॉलचा संघ स्वतःचा. इथला सगळ्यात जुना क्लब 1892 सालचा, दक्षिणेकडच्या त्वुरॉयरी गावातला. लीग 1942 पासून आहे. तेव्हा युद्ध चालू होतं आणि बेटांवर ब्रिटिश फौज होती. 1944 साली लीग झालीच नाही, का, तर खेळायला चेंडू मिळेनात! संघटना 1979 साली स्थापन झाली. 1988 साली ती फिफात गेली आणि 1990 साली युरोपच्या संघटनेत. हे वेळेत झालं म्हणून बरं. पुढे युरोपच्या संघटनेने नियम बदलला आणि संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या देशांनाच नव्याने प्रवेश देऊ लागली. आज अर्ज केला असता तर यांना कोणी उभं केलं नसतं.

आता खरी गोष्ट. 12 सप्टेंबर 1990, युरो स्पर्धेची पात्रता फेरी, मोठ्या स्पर्धेतला यांचा पहिलाच सामना. समोर ऑस्ट्रिया, त्याच उन्हाळ्यात इटलीतला वर्ल्ड कप खेळून आलेला. घरचा सामना, पण घरी खेळता येईना. या पावसात आणि वाऱ्यात गवताचं मैदान टिकत नव्हतं, जी होती ती कृत्रिम, आणि तसली तेव्हा चालत नसत. म्हणून सामना स्वीडनमधल्या लान्ड्सक्रोनाला नेला. संघात सगळे नोकरी-धंदा करणारे. तोर्किल नील्सेनने दुसऱ्या हाफमध्ये गोल मारला (हा गडी बुद्धिबळातही तरबेज) आणि ऑस्ट्रिया 1-0 ने हरली. त्यांच्या प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं. गोलकीपर येन्स मार्टिन क्नुदसेन गोंडेवाली लोकरी टोपी घालून खेळला, कारण डोक्याला पूर्वी मार बसलेला. आई, एवढं तरी तुला पटेल.

त्या टोपीची गोष्ट इथे प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. मला मात्र नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच वर्षी यांनी तोफ्तिर गावात डोंगर फोडून गवताचं मैदान केलं. पुढे नियम बदलले, कृत्रिम मैदानं चालू लागली, आणि आज सगळा खेळ त्यांच्यावरच आहे. छोट्या-छोट्या गावांतही असं मैदान, त्यावर दिवे. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, तरी पोरं दिव्यांखाली खेळतात. माझ्या खिडकीतून एक मैदान दिसतं. पाऊस आडवा मारत असतो आणि ही आठ-नऊ वर्षांची मुलं पास देत असतात.

नंतर यांनी ग्रीसला दोनदा हरवलं, 2014 आणि 2015 साली. पहिल्या पराभवानंतर ग्रीसने प्रशिक्षक रानिएरीला काढलं, आणि त्याच रानिएरीने पुढे लेस्टरला इंग्लंडची लीग जिंकून दिली. 2022 साली तुर्कस्तानला हरवलं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये चेक संघाला. त्या वेळी वर्ल्ड कपची आशा नोव्हेंबरपर्यंत टिकली. ती क्रोएशियात मावळली.

क्लबांचं ऐका, यात तुम्हाला गोडी वाटेल. वरच्या लीगमध्ये दहा संघ, हंगाम मार्च ते ऑक्टोबर. बरेच खेळाडू दिवसा नोकरी करतात. क्लाक्सविक गाव पाच हजारांचं, पण 2023 साली त्यांच्या क्लबने बुडापेस्टला जाऊन फेरेन्सव्हारोसला 3-0 ने हरवलं आणि युरोपच्या कॉन्फरन्स लीगच्या गटापर्यंत मजल मारली. तिथे फ्रान्सच्या लीलला घरी शून्यावर रोखलं. त्याच क्लबच्या बायकांच्या संघाने 2000 ते 2016 सलग सतरा वर्षं लीग जिंकली. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या तालमीच्या फुटबॉल संघात माझ्या वाट्याला खेळाडूंचे बूट सांभाळणंच आलं.

2008 साली गोटा आणि लेयरविक या शेजारच्या दोन गावांच्या क्लबांनी एकत्र येऊन विकिंगुर नावाचा एकच क्लब केला. तुमच्या पेठेत दोन तालमींना असं सुचवून बघा! माझ्या मते आपल्याकडे ईर्ष्या यांच्यापेक्षा जास्त आहे आणि प्रेक्षकही जास्त. शाहू स्टेडियमवर फायनलला जेवढी गर्दी होते, तेवढी इथल्या राष्ट्रीय मैदानात बसणारही नाही. कमी आहेत ती मैदानं. एवढ्या तालमी, आणि मोठा सामना म्हटला की पुन्हा तेच स्टेडियम. पोरांना सरावाला जागा कुठे? तुम्ही म्हणाल, सहा महिन्यांत शहाणी झाली. झाले.

आता कामाचं. ऑपरेशननंतर डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले तर जूनमध्ये या. तेव्हा इथे रात्र जवळजवळ होतच नाही आणि लीगही चालू असते. पूर्वी तोफ्तिरला जायला तासाच्या वर लागायचा, आता समुद्राखालच्या बोगद्यातून पाव तास. आई, गुडघ्याची काळजी नको, गाडी मैदानाच्या कडेपर्यंत जाते. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, त्याचा अर्ज या आठवड्यातच भरा, दादाला सांगितलंय. येताना चटणी आणा, तांबड्या रश्श्याचा मसाला अर्धा किलो पुरे. स्वेटर आणू नका, इथे ढिगाने मिळतात.

तुमची,
धाकटी