बँड ताफ्यांनी माशिमांची बांधणी ऐकावी

संपादक महोदय, स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बँड ताफ्यांत चांगले वादक आहेत. पण गाणे बहुधा कानानेच बसवले जाते आणि बारा जण मिळून चालच वाजवतात. सगळे एकाच ठिकाणी श्वास घेतात, तिथे गाण्याला भोक पडते. स्वरांतला बारीक फरकही उघडा पडतो.

जपानमध्ये संगीत-संयोजक नाओहिरो इवाई यांनी १९७२ पासून 'न्यू साउंड्स इन ब्रास' या बँडसाठीच्या मालिकेत लोकप्रिय गाणी वाद्यवार भाग पाडून लिहिली. त्याच मालिकेत पुढे संगीतकार आणि संयोजक तोशिओ माशिमा (१९४९–२०१६) आले. अभियांत्रिकी अर्धवट सोडून ते वाद्ये बनवणाऱ्या यामाहा कंपनीच्या बँड प्रशिक्षणाकडे वळले. 'द स्क्वेअर' या जपानी वाद्यगटाची 'ताकाराजिमा' ही धून त्यांनी १९८७ साली बँडसाठी बांधली, म्हणजे कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवायचे ते लिहून काढले; ती तिथल्या शाळाशाळांत आजही वाजते. सुरुवात अगोगो या काठीने वाजवायच्या जोडघंटेच्या ठेक्याने होते, मध्ये अल्टो सॅक्सोफोन एकटा बोलतो, पुढे पितळी वाद्ये एकत्र उसळतात. प्रत्येकाला काम आहे आणि विश्रांतीही. ती विश्रांतीच खरी शिकण्यासारखी!

आपल्याकडे बारा जणांत हे जमते. चाल एका ट्रंपेटने आणि वरच्या सप्तकात एका क्लॅरिनेटने घ्यावी. दुसऱ्या ट्रंपेटने खालून साथीचे स्वर द्यावेत, सॅक्सोफोनने लांब स्वर धरावेत. चाल थांबते त्या जागा युफोनियम या खालच्या स्वरांच्या पितळी वाद्याने भराव्यात. बासरीचा किंवा शहनाईचा तुकडा क्लॅरिनेटच्या कागदावर बारीक स्वरांत लिहून ठेवावा, म्हणजे तो वादक आला नाही तरी गाणे अडत नाही.

पट्टीत मात्र हमखास चूक होते, कारण या वाद्यांवर लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असतो. गाणे काळी पाचमध्ये (पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी) असेल, तर ट्रंपेट आणि क्लॅरिनेटच्या कागदावर सा म्हणजे पांढरी एक, अल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर पांढरी पाच. एकच कागद सगळ्यांना दिला की बेसूर ठरलेलाच. उन्हात वाद्य तापून स्वर चढतो, म्हणून निघण्यापूर्वी थोडे वाजवून, मगच ट्रंपेटची नळी किंचित बाहेर ओढून स्वर जुळवावा. साइड ड्रम चालीपेक्षा मोठा वाजू देऊ नये.

मंडळांनी बँड ठरवताना निदान दोन गाणी भाग लिहून बसवण्याची अट घालावी, आणि लिहिणाऱ्याचे मानधन वेगळे द्यावे.

– बँडवादनाचे अभ्यासक, खानापूर