कार्डाचे पॉइंट आणि माझ्या दुकानातले न विकलेले इन्व्हर्टर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट जमवून फुकट विमानप्रवास कसा करावा, हे सांगणारा लेख आपल्या अंकात मागे आला होता. तो वाचून आमच्या घरात हशा पिकला. असलीच एक युक्ती माझ्याच गल्ल्यावर झाली होती आणि ती मला कितीला पडली, हे घरच्यांना ठाऊक आहे.

म्हापशात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पंखे, इन्व्हर्टर, पाण्याचे पंप असा माल. माझा भाचा वेर्ण्याला कारखान्यात नोकरी करतो. हुशार पोरगा, पण त्याला पॉइंटांचं वेड. खिशात चार कार्डं, कुठलं कधी वापरायचं याचं मोबाइलवर टिपण. पूर्वी तो एका अ‍ॅपवरून दर महिन्याला कार्डाने घरभाडं भरायचा. घर साखळी गावातलं, आमच्या ताईचं, म्हणजे त्याच्याच आईचं. ताईला स्वतः घरमालकीण झाल्याची खबर नव्हती. भाडं तिच्या खात्यात जमा व्हायचं, तो ते परत आपल्याकडे वळवायचा, त्यातून कार्डाचं बिल भरायचा. अ‍ॅपचं शुल्क जायचं, पण वर्षाचा खर्चाचा आकडा फुगायचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैसे पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांचे नियम कडक केले. ज्याच्याशी व्यापारी म्हणून करार नाही, ज्याची पूर्ण केवायसी नाही, त्याला असे पैसे पोचवता येईनात. अ‍ॅपवाल्यांनी भाड्याची सोय बंद केली. दार बंद झालं म्हणून हौस थांबते थोडीच? भाचा माझ्या दुकानात आला.

शिगम्याचे दिवस होते. कार्डाचं वर्ष ३१ मार्चला संपणार होतं. चार लाखांचा खर्च पुरा झाला तर वार्षिक शुल्क माफ आणि पाच हजारांचं व्हाउचर, आणि त्याला ५८ हजार कमी पडत होते. "मामा, मशीनवर स्वाइप कर आणि मला रोख दे. तुझं शुल्क मी देतो." माझं मशीन १.८ टक्के घेतं, त्यावर जीएसटी. म्हणजे १,२३२ रुपये. त्याने १,२५० मोजून दिले, वरचे अठरा रुपये चहाला ठेव म्हणाला.

मी कुरकुरलो, तर त्याने अमेरिकेची गोष्ट सांगितली. तिथल्या टांकसाळीला एक डॉलरची नाणी चलनात आणायची होती, म्हणून ती दर्शनी किमतीला, टपालखर्च न घेता घरपोच देत असे. लोकांनी कार्डावर खोकीच्या खोकी मागवली, न फोडताच बँकेत नेऊन भरली आणि विमानाचे मैल, म्हणजे फुकट प्रवासाचे पॉइंट, कमावले. हसू आलं आणि मी कार्ड स्वाइप केलं. २०११ मध्ये टांकसाळीने त्या नाण्यांसाठी कार्ड घेणंच बंद केलं, हा गोष्टीचा शेवट त्याने सांगितला नव्हता. तो मी नंतर वाचला.

एरवी स्वाइपचे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात येतात. या वेळी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मशीन देणाऱ्या बँकेतून फोन : या व्यवहाराचं बिल पाठवा. पैसे नऊ दिवस अडकले. त्या ५८ हजारांचेच नव्हेत, त्या दिवसांत मशीनवर झालेल्या सगळ्या खऱ्या विक्रीचेही. एप्रिलच्या उकाड्यासाठी पंख्यांची ऑर्डर दिली होती, घाऊक विक्रेता रोज फोन करत होता.

आता लाज वाटते ते सांगतो. एका रात्री मी बिलबुक पुढ्यात घेऊन बसलो होतो. दोन इन्व्हर्टर, बॅटऱ्यांसकट, मागची तारीख. पेन हातात होतं. आमच्या अकाउंटंटला विचारलं, तर तो म्हणाला, साठ्याच्या वहीत ते दोन इन्व्हर्टर कुठून आणणार? आणि माल न देता बिल फाडणं म्हणजे जीएसटी कायद्याचा भंग, दंड वेगळाच. वर त्याने भाच्याबद्दलही विचारलं. वर्षभरात कार्डाच्या बिलापोटी दहा लाखांवर रक्कम भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. चार कार्डांवर पैसे फिरवणाऱ्याचा आकडा पगाराच्या दुप्पट दिसला, तर नोटिशीला काय उत्तर देणार?

मी बँकेला खरं ते लिहून दिलं. व्यवहार रद्द झाला, रक्कम भाच्याच्या कार्डावर परत गेली, आणि पुन्हा असं झालं तर मशीन काढून नेऊ अशी ताकीद मिळाली. पण माझी रोकड? ती त्याने तोवर मोटारसायकलवर आणि कसकशावर खर्च करून टाकली होती. पाच हप्त्यांत परत मिळाली. ताई दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही, जणू मीच तिच्या पोराला बिघडवला.

भाच्याचं म्हणणं अजून तेच : बँकेलाच तर गंडवलं, बिघडलं काय? बँकेची वकिली मला करायची नाही. थकलेल्या रकमेवर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज लावणाऱ्यांची कीव कशाला? माझ्या दुकानातला मुलगा दर महिन्याला 'किमान रक्कम' तेवढी भरतो आणि मोबाइलचं कर्ज काही उतरत नाही. भाच्याच्या व्हाउचरमध्ये त्याचंही व्याज आहे. आणि मशीनवर माझं कापलं जाणारं शुल्कही आहे. डेबिट कार्डावरच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून ०.९ टक्क्याची मर्यादा घातली. क्रेडिट कार्डाला तशी मर्यादा नाही. हे शुल्क मी पदरचं भरत नाही, मालाच्या किमतीत घालतो. सगळेच घालतात.

शुक्रवारच्या बाजारात हरमलची एक बाई मिरची घेऊन येते. गेल्या उन्हाळ्यात तिने माझ्याकडून टेबलफॅन घेतला, ओच्यातून नोटा काढून. कार्डवाल्याला जो भाव, तोच तिला. पॉइंट मात्र तिला नाहीत. माझी मुलगी अर्थशास्त्र शिकते, तिने बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तज्ज्ञांचा २०१० चा हिशेब दाखवला. अमेरिकेतलं रोखीने खर्च करणारं सरासरी कुटुंब अशा रीतीने कार्डवाल्यांना वर्षाला १४९ डॉलर देतं, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला ११३३ डॉलर मिळतात. आपल्याकडचा आकडा वेगळा असेल, पण ती बाई मला ओळखीची वाटली.

पेट्रोल भरलंत, किराणा घेतलात, त्यावर पॉइंट मिळाले तर खुशाल घ्या. मीही घेतो, मोपा विमानतळाच्या लाउंजमध्ये इडली-सांबारही खाऊन आलोय. आमच्यासारख्याच्या मशीनवर न झालेली खरेदी दाखवायला सांगता, तिथे माझी तक्रार आहे. लेखकाने पुढच्या वेळी असल्या युक्त्या लिहिल्या, तर दुकानदाराच्या अडकलेल्या पैशांसाठीही चार ओळी ठेवाव्यात.

गल्ल्यावर आता पाटी लावली आहे : 'कार्डावर रोख मिळणार नाही.' तरी गेल्या शुक्रवारी एकाने विचारलंच. आणि परवा भाच्याचा फोन आला. साखळीच्या विहिरीवर पंप हवा म्हणे, एक एचपीचा. "मामा, कार्डाने देऊ?" दे म्हटलं, पण पंप न्यायला टेम्पो घेऊन ये.

आपला,
विजेच्या सामानाचा एक दुकानदार, म्हापसा
(नाव छापू नये, ही विनंती)