छातीत दुखले तर आधी जवळचे केंद्र

संपादक महोदय,

भावोजींच्या छातीत कळ आली तेव्हा सगळ्यांचे एकच: गाडी काढा, थेट बांबोळी! गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठायचे म्हणजे तासाहून जास्त, त्यात पाऊस. बहिणीने हट्टाने त्यांना जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेले. तिथे ईसीजी काढला, तो गोमेकॉच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लगेच पाहिला आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन केंद्रातच दिले गेले. मग १०८ने बांबोळी. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यावर तातडीने उपचार करणाऱ्या ‘स्टेमी’ योजनेची ही सोय आमच्या वाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हती. (गॅस समजून सोडा पिणारे मात्र घरोघरी!) पंचायतींनी चतुर्थीपूर्वी तरी वाड्यावाड्यावर तसे फलक लावावेत.

— एक वाचक, सत्तरी