“कोणतं बोट रुसलंय?” असं विचारणाऱ्या काकूंना

काकू,

नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही नातवाचा हात धरून टेकडी उतरून गेलात आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी नीट ‘थँक यू’सुद्धा म्हटलं नाही. पत्ता माहीत नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कधीतरी तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा आहे.

बर्फात घसरायच्या उताराखाली उभी होते मी. धाकटी कडेवर, पावणेदोन वर्षांची. चार वर्षांचा मोठा दोन्ही हात छातीशी धरून हमसून हमसून रडत होता. नवरा स्लेज आणायला वर गेला होता. आजूबाजूला भरपूर माणसं होती, आणि बरीचशी आमच्याकडे बघून पुढे जात होती.

तुम्ही थांबलात. त्याच्यासमोर बर्फात दोन्ही गुडघे टेकून बसलात, इतक्या खाली की त्यालाच मान वाकवून तुमच्याकडे बघावं लागलं. “काही नाही झालं” म्हणाला नाहीत, “शहाणी मुलं रडत नाहीत” तर नाहीच नाही. तुम्ही विचारलंत, “कोणतं बोट रुसलंय?”

तो रडायचा थांबला. खरंच विचार करायला लागला. मग त्याने करंगळी पुढे केली आणि मग तिच्या शेजारचं बोट.

तुम्ही ओला हातमोजा काढलात, बोटं उलटसुलट करून पाहिलीत. लालभडक आणि गार होती, पण पांढरी पडली नव्हती, कडक झाली नव्हती. मी घाईघाईने ती चोळायला गेले तर तुम्ही माझा हात अलगद बाजूला केलात. “चोळू नकोस गं, गारठलेल्या कातडीला इजा होते.” आणि स्वतःच्या जॅकेटची चेन उघडून त्याचे दोन्ही हात तुमच्या काखेत धरलेत. परक्या पोराचे ते बर्फासारखे हात! तुमच्या अंगावर काटा आलेला मला दिसला, काकू. तरी तुम्ही त्याला तुमच्या नातवाच्या स्लेजबद्दल सांगत बसलात.

मग आतल्या खिशातून कोरडे मिटन काढलेत, अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र राहतात ते हातमोजे, लाल रंगाचे. मी हात लावून पाहिला, ते गरम होते. अंगाशी ठेवलेले होते ना तुम्ही. “आधी अंगठा घरात, मग बाकीचे चौघे भाऊ एका खोलीत,” असं म्हणत घातलेत आणि बाही मिटनच्या लांब काठावर ओढून घेतलीत. एवढंच. पाच मिनिटंही लागली नसतील. आज ते लिहितानाही माझा घसा दाटून येतोय.

कारण तुम्हाला माहीत नव्हतं, आधी काय झालं होतं ते. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याला लहान मुलांच्या बर्फातल्या खेळांच्या एका वर्गाला घातलं होतं. पालकांनी लांब थांबायचं, असा नियम. बोटं दुखतात म्हणून तो रडला, तर “सवय होऊ द्या, लाड करू नका” असं आम्हालाच ऐकवलं. हातमोजे पाच बोटांचेच हवेत हाही त्यांचाच आग्रह. त्यात प्रत्येक बोट एकेकटं गारठतं, मिटनमध्ये बोटं एकमेकांना ऊब देतात, हे त्यांना ठाऊक असायला नको? घरी आल्यावर ते हातमोजे पिळले तर पाणी निघालं. मला अजून राग येतो. त्यांचा, आणि कुंपणाबाहेर गप्प उभ्या राहिलेल्या माझाही. त्यानंतर तीन आठवडे जॅकेट दिसलं की तो सोफ्यामागे लपायचा.

वर सल्ले देणारे होतेच. “थंडीत नेलंस कशाला, सर्दी होईल.” अहो, सर्दी विषाणूमुळे होते, आणि बंद खोल्यांमध्ये ती एकाकडून दुसऱ्याकडे जास्त सहज जाते! पण त्या दिवसांत मी तेही ऐकून घेतलं. माझंही चुकत होतं. जास्त ऊब मिळावी म्हणून त्याच्या बुटांत मी सुती मोज्यांचे दोन जोड कोंबत होते. सुती कापड ओलावा धरून ठेवतं, आणि बूट घट्ट झाला की पायात रक्त नीट खेळत नाही. आता लोकरीचा एकच जोड असतो, आणि आत बोटं हलवायला जागा.

तुम्ही लगेच निघाला नाहीत. माझा नवरा स्लेज घेऊन आला तेव्हा आम्हा दोघांना म्हणालात, “तुम्ही नुसते उभे काय? उभं राहणाऱ्याला जास्त थंडी वाजते.” मग त्याने दोरी ओढली, मी मागून ढकललं, धाकटी तुमच्या मांडीवर खिदळत होती. तेवढ्यात भुरभुर बर्फ सुरू झाला. तुम्ही काळी बाही पुढे धरलीत आणि मोठा एकेका कणाची टोकं मोजायला लागला. सहा. पुन्हा सहा. घरी आल्यावर मी त्याला अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याबद्दल सांगितलं. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ साली हिमकणाचा फोटो काढला आणि जन्मभरात असे ५,००० हून जास्त फोटो घेतले. पोराचा पहिला प्रश्न काय असावा? “त्याची बोटं नाही रुसली?”

आता आम्ही चौघं जातोच बाहेर. कधी वीसच मिनिटं, कोणी रडायच्या आत परत. धाकटी कडेवर असते, हालचाल करत नाही, म्हणून तिला गारठा लवकर लागतो. तिच्या मानेमागे हात घालून बघायचं काम मोठ्याने स्वतःकडे घेतलंय. “गरम आहे गं, अजून थोडं खेळू,” असं सांगतो.

चांगली माणसं असतात, असं आपण सहज बोलून जातो. मला ती इतक्या जवळून फार थोड्या वेळा भेटली आहेत. तुम्हाला थांबायचं काहीही कारण नव्हतं. तुमचा नातू तुमची बाही ओढत होता, तुमची पँट गुडघ्यांवर भिजली होती.

काकू, तुमचे लाल मिटन आमच्याकडेच आहेत. धुऊन, वाळवून माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलेत. दर रविवारी सकाळी आम्ही त्याच उतारावर असतो. मिटन तुम्हाला परत द्यायचे आहेत, पण त्याआधी ते स्वतःचे स्वतः घालून दाखवायचे आहेत, असं त्याने मला तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितलंय. डाव्या हाताचा अंगठा अजून कधीकधी चुकीच्या घरात जातो.

तुमची,
त्या दोन पोरांची आई