माँटसेराटच्या टॅक्सीवाल्या काकांना

काका,

टॅक्सीत बसताना मी तुम्हाला ‘सर’ म्हटलं होतं. आईनं मात्र पहिल्या वळणापासून ‘भाऊ’ सुरू केलं, तेही थेट मराठीतून. दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत माझ्याही तोंडी ‘काका’ बसलं होतं. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, फोनवर इंग्रजीत सांगेनच. पण आमच्या माणसांनाही तुमच्याबद्दल कळायला हवं.

शेजारच्या अँटिग्वा बेटाहून आम्ही तुमच्या या कॅरिबियन बेटावर एका दिवसापुरते आलो होतो. ज्वालामुखी बघायची हौस माझी, आई आपली सोबतीला. पासपोर्टवर हिरव्या तीन पानांचा शिक्का बघून ती म्हणाली, “हे तर बेलाचं पान!” तुम्ही हसून सांगितलंत की ते आयरिश लोकांचं, बेटावर सुरुवातीला आलेल्या गोऱ्यांचं. आणि लगेच पुढे, की 17 मार्चला तुम्ही सुट्टी घेता ती 1768 साली त्याच दिवशी बंड करायला निघालेल्या गुलामांसाठीही.

आईच्या बीपीच्या गोळ्या अँटिग्वाच्या हॉटेलात राहिल्या, हे गाढवपण माझंच. संध्याकाळी परतायचंच होतं ना! दुपारी जेराल्ड्सच्या टेकडीवर ढग उतरले आणि त्या आखूड धावपट्टीवर आज विमान येणार नाही असं कळलं. त्यात रविवार, औषधाचं दुकान बंद. तुम्ही गोळीचं नाव कागदावर लिहून घेतलंत आणि ओळखीच्या नर्सबाईंच्या दारात गाडी उभी केलीत. त्या चर्चच्या कपड्यांतच बाहेर आल्या, आधी आईचं बीपी तपासलं, मग गोळ्या दिल्या. हॉटेल शोधू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही उत्तर न देता गाडी घराकडे वळवलीत.

घरात त्या दिवशी ‘गोट वॉटर’ शिजत होतं, म्हणजे बोकडाचा पातळ रस्सा, तुमचा मानाचा पदार्थ. आई शाकाहारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं ओट्यावर पाहिलं तर नीरफणस आणि अळकुड्या! वेंगुर्ल्याच्या बाईला आणखी काय हवं? काकूंना बाजूला सारून तिनं नीरफणसाच्या कापा केल्या. रवा नव्हता, मक्याचं पीठ लावलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी मिरची किती यावर वाद रंगला. (तुमची ती मिरची फार तिखट आहे, काका. हे मी तेव्हा बोललो नाही.)

सकाळी तुम्ही गॅरिबाल्डी हिलवर नेलंत. वाटेत बेलहॅमचं खोरं. चिखल-राखेनं तिथला पूलही गाडला गेलाय. वरून प्लिमथ दिसलं. राखाडी उतार आणि त्यातून डोकावणारी छपरं. कागदोपत्री अजून हीच राजधानी. 18 जुलै 1995 ला डोंगर जागा झाला, घरं सोडायची, परतायचं, पुन्हा सोडायची असं चाललं आणि एप्रिल 1996 मध्ये शहर कायमचं रिकामं झालं. 25 जून 1997 ला जी 19 माणसं गेली, त्यांतले कितीतरी पिकं सांभाळायला गेलेले शेतकरी. हे सगळं तुम्ही रस्ता सांगावा तसं सांगत होतात. मग बोट दाखवून म्हणालात, “त्या छपराच्या डावीकडे माझं घर. वरून काही दिसत नाही. कर्जाचे हप्ते मात्र बरीच वर्षं दिसत होते.” आणि स्वतःच मोठ्यानं हसलात. आई हसली नाही. तिला इंग्रजी तितकं कळत नाही, पण ‘माय हाउस’ कळलं.

अकरा-बारा हजारांच्या बेटावर आज पाच हजारही माणसं नाहीत. बाकीचे इंग्लंडला, अँटिग्वाला गेले, तुमची मुलंसुद्धा. त्यांच्याच खोलीत आम्ही झोपलो, हे मला निघताना भिंतीवरचे फोटो बघून कळलं.

विमानतळावर तुम्ही टॅक्सीचं भाडं दोन्ही दिवसांचं घेतलंत, सुट्टे डॉलर मोजून परत दिलेत. राहण्या-जेवण्याचे पैसे काढले तर म्हणालात, तो माझा धंदा नाही.

आईनं कोकमं वाळवून ठेवली आहेत. न्यू जर्सीला माझ्याकडे परत येईल तेव्हा तुमच्यासाठी पाठवायची आहेत. सोबत थोडा रवाही. काकूंना सांगा, मक्याच्या पिठाच्या कापा जरा लवकर मऊ पडतात. आणि नर्सबाईंची गोळ्यांची एक पट्टी आमच्याकडून यायची आहे, तेवढं त्यांच्या कानावर घाला.

तुमचा,
वेंगुर्लेकर बाईंचा मुलगा